दहा भोकं, बारा सूर आणि जागा बदलणारा सा

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतल्या एका जॅझ जॅमला (म्हणजे नाव नोंदवून कुणीही बँडबरोबर वाजवू शकतं अशा बैठकीला) मी पहिल्यांदा स्टेजवर चढून माउथ ऑर्गन वाजवला. दोन चिजा वाजवल्या, एक बऱ्यापैकी झाली, दुसरी ठीकठाक. या उद्योगाची सुरुवात जानेवारी २०२२ ची. मधल्या काळात मराठीत वाचण्यासारखं मला काही सापडलं नाही, आणि इंग्रजीत जे सापडलं ते एकतर ब्लूजवाल्यांचं होतं, नाहीतर वाद्य उघडून आतल्या सूर देणाऱ्या धातूच्या पत्त्या घासण्यातच रमलेल्या मंडळींचं. त्यामुळे जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

मी व्यावसायिक वादक नाही. ठाण्यात एका सहकारी बँकेत नोकरी करते. शाळा-कॉलेजात गाणं शिकले, मध्यमा पूर्ण केली आणि मग नोकरी, लग्न, मुलगी यात ते सुटलं. हे सांगायचं कारण एवढंच, की त्या शिक्षणाचा पुढे एका ठिकाणी फार उपयोग झाला आणि दुसऱ्या ठिकाणी त्यानेच वाट अडवली.

आधी वाद्याबद्दल, कारण दुकानात गेल्यावर पहिला गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे बहुतेक घरांत जो लांबट, चोवीस भोकांचा 'टॉवर' असायचा तो ट्रेमोलो. त्यात एकेका सुराला दोन पत्त्या असतात आणि त्या एकमेकींपासून किंचित बेसूर लावलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. गाण्यांच्या चालींना तो गोड वाटतो, पण इथे जे करायचं आहे त्याच्या कामाचा नाही. दुसरा क्रोमॅटिक. त्याच्या बाजूला एक खटका असतो, तो दाबला की सगळे सूर अर्ध्या स्वराने चढतात. बेल्जियमचे टूट्स थीलमन्स जॅझ वाजवायचे ते यावर. आणि तिसरा डायटॉनिक, दहा भोकांचा, तळहातात मावणारा, ब्लूजवाल्यांचा. शहाण्या माणसाने जॅझसाठी क्रोमॅटिक घ्यावा. बारा स्वर त्यात आयते आहेत. मला मात्र डायटॉनिकचा आवाज हवा होता. त्यातला सूर तोंडाच्या आतूनच वाकवता येतो, आणि गाणं शिकलेल्या माणसाला त्यात मींड ऐकू येते.

अडचण अशी, की हे वाद्य जॅझसाठी बनलेलंच नाही. लोकगीतं आणि नाचाच्या चाली सोप्या व्हाव्यात म्हणून जर्मन भाषिक मुलखात एकोणिसाव्या शतकात त्याची स्वररचना ठरली. ट्रोसिंगेन गावात माथियास होनर यांनी १८५७ मध्ये कारखाना काढला, आणि तिथून ही वाद्यं गठ्ठ्यांनी अमेरिकेत गेली. 'मरीन बँड' हे त्यांचं मॉडेल १८९६ चं. आजही ते विकलं जातं आणि स्वरांची मांडणी तीच आहे.

ती मांडणी आपल्या सरगमेत सांगते, कारण मला ती तशीच कळली. वाद्याची पट्टी हा सा धरा. फुंकल्यावर दहाही भोकांत फक्त सा, ग, प आलटून पालटून. आत ओढल्यावर पहिल्या भोकापासून क्रमाने रे, प, नी, रे, म, ध, नी, रे, म, ध. आता नीट बघा. चौथ्या ते सातव्या भोकापर्यंत पूर्ण सप्तक मिळतं. खालच्या सप्तकात म आणि ध गायब आहेत, वरच्या सप्तकात नी नाही. कोमल आणि तीव्र तर कुठेच नाहीत. जॅझमध्ये मात्र दर मापाला (माप म्हणजे इंग्रजीतला बार, तालाचा एक तुकडा) बाराच्या बारा स्वर लागू शकतात.

यावर उपाय तीन. ओढताना जीभ आणि घसा यांचा आकार बदलून सूर खाली वाकवायचा, तो ड्रॉ बेंड. वरच्या भोकांत फुंकताना तसंच करायचं, तो ब्लो बेंड. आणि ज्या जागा तरीही उरतात तिथे ओव्हरब्लो आणि ओव्हरड्रॉ, म्हणजे फुंकताना किंवा ओढताना त्या भोकातल्या सुरांच्याही वरचा सूर काढणं. ते कसं, पुढे सांगते. मी कागदावर हिशेब मांडला तेव्हा तीन सप्तकांत बेंडने न मिळणारे फक्त सहा स्वर उरले: पहिल्या आणि चौथ्या भोकातला कोमल ग, पाचव्यातला तीव्र म, सहाव्यातला कोमल नी, आणि वर सातव्यात कोमल रे, नवव्यात कोमल ध. मला हायसं वाटलं. सहाच तर आहेत!

जानेवारीत धोबीतलावच्या एका जुन्या दुकानातून सी पट्टीचा, म्हणजे पांढरी एकचा, होनर स्पेशल ट्वेंटी घेतला. साडेतीन हजारांच्या आसपास पडला. पहिला म्हणून हाच घ्या असं मी आजही सांगेन. चौकट प्लॅस्टिकची असल्याने ओलीने फुगत नाही आणि स्क्रू असल्याने उघडता येतो. खिळ्यांनी ठोकलेला मरीन बँड नवख्याने उघडायच्या भानगडीत पडू नये. पाचशे-सातशे रुपयांची डायटॉनिक वाद्यंही ऑनलाइन मिळतात. त्यांत हवा इतकी गळते की बेंड आपल्याला येत नाहीये की वाद्यालाच जमत नाहीये, हे कळायला मार्ग नसतो.

पहिले काही आठवडे चक्कर यायची. दर वेळी छातीभरून हवा ओढायची सवय लागते आणि डोकं हलकं होतं. बसून वाजवायचं, घरी श्वास घेतो तेवढाच घ्यायचा, आणि ओठांच्या कोपऱ्यांतून हवा सुटत नाहीये एवढं पाहायचं. जेवून किंवा चहा पिऊन लगेच वाजवायचं नाही. चूळ भरायची. पत्त्यांना साखर चिकटली की काय होतं ते बघायची वेळ येऊ देऊ नका.

आणि आवाजाचा प्रश्न. बेंडचा सराव ऐकणाऱ्याला सुंदर वाटत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी "कुणाचा कुकर बिघडला आहे का" असं विचारलं तेव्हापासून मी खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचा लावून बसायला लागले. उन्हाळ्यात हे अवघड जातं. सासूबाई मात्र कधी काही बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "अगं, एखादं अख्खं गाणंही येतं का यात?"

बेंड लागायला साधारण मार्च उजाडला. पहिला आला तो चौथ्या भोकात. पण बेंड लागणं वेगळं आणि हव्या त्या स्वरावर थांबणं वेगळं. तिसरं भोक सगळ्यात छळतं. तिथे ओढलं की नी, आणि वाकवत नेलं की कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, तिन्ही एकाच भोकात, कुठेही खूण नाही. हार्मोनियमला पट्टी असते, बासरीला भोक असतं. इथे तोंडात अंधार. ब्लूजवाले इथे सहसा एका ढोबळ जागेवर थांबतात आणि ते त्यांना शोभतं. जॅझमध्ये खाली पियानो वाजत असतो, तो लगेच उघडं पाडतो.

इथे जुनं शिक्षण कामी आलं. मी फोनवर तानपुरा लावला, पांढरी एक, प-सा, आणि रोज रात्री तिसऱ्या भोकातला शुद्ध ध धरून बसले. आधी गळ्याने म्हणायचा, मग वाद्यात लावायचा. गाताना घशाची जी बैठक होते तीच वाजवताना ठेवायची. ट्यूनर ॲपपेक्षा हे कितीतरी लवकर जमतं, कारण काट्याकडे बघून लावलेला सूर काटा गेला की जातो. मे महिन्यापर्यंत खालच्या सप्तकात मी संथ यमन वाजवू शकत होते, दुसऱ्या भोकात तीव्र म आणि तिसऱ्यात ध घेऊन. तुम्ही गाणं, सतार, बासरी काही शिकला असाल तर इंटरनेटवरच्या धड्यांआधी हे करा.

मग मी इंटरनेटवर सगळे करतात तेच करायला घेतलं, म्हणजे ओव्हरब्लो. तिथे कुणालाही विचारा, डायटॉनिकवर जॅझ म्हणजे ओव्हरब्लो असंच उत्तर येतं. त्याला कारणही आहे. १९७० च्या सुमारास शिकागोत हॉवर्ड लेव्ही या तरुण पियानोवादकाला ही जागा सापडली आणि त्याने पियानोवर विचार करावा तसा या दहा भोकांवर करून दाखवला. (१९२९ च्या एका ब्लूज रेकॉर्डवरही सहाव्या भोकातला ओव्हरब्लो स्पष्ट ऐकू येतो, पण त्याची पद्धत तेव्हा कुणी बसवली नाही.) पुढे लेव्ही बँजोवादक बेला फ्लेकच्या 'फ्लेकटोन्स' या बँडमध्ये आला आणि जगभरच्या हौशी लोकांनी आपापले माउथ ऑर्गन उघडले. मीही उघडला. माझं म्हणणं मात्र आता असं आहे, की ओव्हरब्लो हे या घराचं दार नव्हे. दार वेगळ्या बाजूला आहे, आणि ते मला ऑगस्ट २०२२ मध्ये एका निवृत्त सॅक्सोफोनवादकांनी दाखवलं.

हे सर बोरिवलीत राहतात, मूळचे गोव्याचे. हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये उमेदीची वर्षं गेलेली. मुंबईचा जॅझ हा बराचसा गोव्याच्या माणसांनी वाजवलेला आहे. ताज हॉटेलमध्ये ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा बँड होता आणि तेच आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही वाजवायचे. सरांनी हे सगळं त्याच्या अखेरच्या काळात पाहिलेलं, आणि १९७८ ची पहिली 'जॅझ यात्रा', म्हणजे मुंबईतला जॅझ महोत्सव, रंगभवनात बसून ऐकलेली. माउथ ऑर्गन शिकवत नाही म्हणाले. मी म्हटलं, वाद्य माझं मी बघते, तुम्ही जॅझ शिकवा. तासाला एक हजार रुपये, महिन्यातून दोनदा, शनिवारी दुपारी.

पहिल्या दिवशी त्यांनी पियानोवर एफ मधला बारा मापांचा जॅझ ब्लूज धरला आणि मला हवं ते वाजवायला सांगितलं. मी सुरात वाजवलं. ते थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रत्येक ओळीला घरी परत जाता. बँड अजून बाहेरच आहे."

हेच ते दार. आपल्या कानात तानपुरा मुरलेला असतो. सा एका जागी बसलेला, आणि बाकी प्रत्येक स्वराचं त्याच्याशी नातं ठरलेलं. जॅझमध्ये ती बैठक दर एक-दोन मापांना सरकते. एफ सेव्हन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गट) जो स्वर गोड लागतो तोच पुढच्या मापात बी-फ्लॅट सेव्हन आल्यावर टोचतो. मला ते ऐकूच येत नव्हतं, कारण माझा कान सगळं एकाच सा वर बेतत होता. यातून बाहेर पडायला वर्षभर लागलं. ओव्हरब्लोला त्याहून कमी वेळ लागला.

सरांचा उपाय साधा आणि कंटाळवाणा. प्रत्येक कॉर्डमधले फक्त दोन स्वर गायचे, कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजून तिसरा आणि सातवा. कॉर्ड मेजर की मायनर, आणि तिला पुढे कुठे सरकायची ओढ आहे, ते या दोघांवरून कळतं. मी ते माझ्या सोयीने सरगमेत लिहून घेतलं. बी-फ्लॅटचा, म्हणजे काळी पाचचा, माउथ ऑर्गन धरा. एफ मधल्या ब्लूजला हाच घेतात, त्याचा प म्हणजे एफ, म्हणजे घर आता प वर. एफ सेव्हनचे दोन स्वर नी आणि म. बी-फ्लॅट सेव्हन आला की नी चा कोमल नी होतो आणि म चा ग. पुढे डी सेव्हनला कोमल ध आणि रे. जी मायनरला सा आणि प. सी सेव्हनला सा तिथेच राहतो आणि प उतरून तीव्र म होतो. बस, एवढंच रोज गायचं. लोकलमध्ये, कॅश मोजताना, भाजी निवडताना. 'आयरिअल प्रो' नावाचं ॲप आहे, एकदा पैसे भरायचे, मग हवी ती कॉर्डची मालिका हव्या त्या गतीने साथीला वाजत राहते. मी गती साठवर ठेवायचे.

हे लिहून काढताना एक गोष्ट दिसली आणि मी सरांना फोनच केला. यातला प्रत्येक स्वर खालच्या सप्तकात नुसत्या बेंडने मिळतो! कोमल नी आणि कोमल ध तिसऱ्या भोकात, तीव्र म दुसऱ्यात. म्हणजे एफ मधला अख्खा जॅझ ब्लूज ओव्हरब्लोशिवाय वाजतो, फक्त खालच्या तीन-चार भोकांतच राहायचं. सर म्हणाले, "मग वाजवा ना. लोकांना ऐकायचंय, मोजायचं नाहीये."

त्याच महिन्यात पट्टी निवडण्याचं दुसरं गणित कळलं. जॅझ शिकणाऱ्यांना पहिलं देतात ते 'ऑटम लीव्हज'. मायनर चाल, कॉर्ड ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या. जॅझच्या चालींच्या पुस्तकात ती ई मायनरमध्ये असते, जॅमला बहुतेक वेळा जी मायनरमध्ये वाजते. बी-फ्लॅटच्या वाद्यावर जी म्हणजे ध. ध ला घर मानून वाजवलं, ज्याला हे लोक फोर्थ पोझिशन म्हणतात, की सगळे शुद्ध स्वर चालतात आणि डी सेव्हनसाठी एकच कोमल ध लागतो. तो सहाव्या भोकात ओढताना नुसता थोडा वाकवून मिळतो. एकच वाद्य, दोन चिजा. सुरुवात करणाऱ्यांना लोक बारा पट्ट्यांचा संच घ्यायला सांगतात, चाळीस-पन्नास हजारांचा खर्च. सी आणि बी-फ्लॅट घ्या आणि वर्षभर गप्प बसा.

आता ओव्हरब्लो. तो लागतोच, कारण एरवी मधल्या सप्तकात गेलं की या स्वरांसाठी परत खाली यावं लागतं आणि वाक्य तुटतं. घडतं असं: सहाव्या भोकात फुंकल्यावर प, ओढल्यावर ध. तोंडाचा आकार बेंडसारखा करून हलकेच फुंकलं की फुंकीची पत्ती गप्प बसते आणि ओढण्याची पत्ती उलट दिशेने ढकलली जाऊन वाजते. सूर निघतो कोमल नी, ध च्या अर्धा स्वर वर. जोर लावला की नुसती किंकाळी. दुकानातून आणलेल्या वाद्यात बऱ्याचदा हे होतच नाही, कारण पत्तीचं टोक आणि ती ज्यावर बसवलेली असते तो धातूचा पाटा यांच्यात फट जास्त ठेवलेली असते.

ती फट कमी करायला माझी बोटं धजेनात. ठाण्यातच एक काका पेटी दुरुस्त करतात, त्यांच्याकडे गेले.

"हे लहान मुलांचं काम आमच्याकडे कुठे आणलंत, ताई?"

मी वाद्य उघडून दाखवलं. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. "पत्ती तीच आहे की आपली. फक्त नखाएवढी." मग त्यांनी शिकवलं ते मी अजून पाळते: पत्ती टोकाला धरून वाकवायची नाही, ती मुळाजवळ किंचित दाबायची, लाकडी टूथपिकने, आणि दर वेळी वाजवून बघायची. फट इतकी कमी केली की जोरात फुंकल्यावर पत्ती अडकते, तर ती जराशी उचलायची. चार, पाच आणि सहा या भोकांच्या दोन्ही बाजूंच्या पत्त्या अशा लावायच्या. किंकाळी येत असेल तर पत्तीच्या मुळाशी नेलपॉलिशचा बारीक थेंब. हे मी वाचलेलं होतं, काकांना पटलं नाही, पण उपयोग होतो. त्यांनी शंभर रुपये घेतले आणि चहा पाजला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सहाव्या भोकात कोमल नी पहिल्यांदा लागला. दोन सेकंद टिकला असेल. मुलगी म्हणाली, "हा वेगळाच आवाज होता." पाचव्यातला तीव्र म त्यानंतर महिन्याभराने. चौथा आधी आला, पण स्वराला पातळ. पहिल्या भोकातला येतो कधी, कधी नाही.

घरी लावलेलं वाद्य आणि कारागिराने लावलेलं वाद्य यात किती फरक असतो हे बघायचा मोह मग सुटेना. परदेशातल्या एका कारागिराकडे बी-फ्लॅटची ऑर्डर दिली. पत्त्यांभोवतीची खाच दाबून अरुंद केलेली, समस्वरांतरात, म्हणजे पियानोसारखे बारा स्वर सारख्या अंतरावर, लावलेला. हे दुसरं जॅझसाठी महत्त्वाचं, कारण बरेच ब्लूजचे माउथ ऑर्गन ठरावीक कॉर्ड गोड वाजावी म्हणून थोडे इकडेतिकडे लावलेले असतात. किंमत रुपयांत साडेसोळा हजार, पाठवणावळ अडीच हजार. ऑर्डर एप्रिलमध्ये, तयार झाला ऑगस्टच्या अखेरीस. अशा कामाला रांग असतेच.

पार्सल मुंबईत पोचलं आणि थांबलं. ट्रॅकिंगवर एकच ओळ, कस्टम्स क्लिअरन्ससाठी रोखून ठेवलं आहे. कुरियरकडून मेल आला: आधारच्या दोन्ही बाजू, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, आणि वस्तू वैयक्तिक वापरासाठी असल्याचं सहीचं पत्र. ते सगळं त्याच दिवशी दिलं. आठवड्याने प्रश्न आला की वस्तू नेमकी काय आहे, कारण बिलावर कारागिराने नुसतं 'कस्टम बी-फ्लॅट' लिहिलं होतं. 'कस्टम' हा शब्द कस्टम्सवाल्यांना काय सांगणार? मी उत्तर दिलं: माउथ ऑर्गन, फुंकून वाजवायचं वाद्य, सोबत फोटो. पुन्हा शांतता. फोन लावला की दर वेळी नवीन माणूस आणि नवीन तक्रार क्रमांक. शेवटी शुल्क भरायची लिंक आली. सगळे कर धरून पाच हजार नऊशेच्या आसपास, वर कुरियरचं हाताळणी शुल्क वेगळं. पार्सल घरी आलं तेव्हा गणपती होऊन गेले होते.

ज्यांना मागवायचं आहे त्यांच्यासाठी: बिलावर 'हार्मोनिका, माउथ ऑर्गन' असं स्वच्छ लिहायला सांगा आणि एचएस कोड (कस्टम्समध्ये वस्तूचा प्रकार ओळखायचा क्रमांक) ९२०५ टाकायला सांगा, फुंकून वाजवायच्या वाद्यांचा तो आहे. शुल्क नुसत्या वस्तूवर नसतं, पाठवणावळही त्यात धरतात. बँकेच्या ॲपमधला स्क्रीनशॉट चालला नाही, स्टेटमेंटची पीडीएफ चालली. बिलावर किंमत कमी दाखवायला सांगू नका. आम्ही बँकेत रोज असली कागदपत्रं बघतो, ती लपत नाहीत.

वाद्य कसं होतं? उत्तम. ओव्हरब्लो नुसत्या विचाराने लागतो म्हणा ना. पण सव्वीस हजारांच्या घरात गेलेलं वाद्य आणि टूथपिकने लावलेलं चार हजारांचं, यात सरांना डोळे मिटून फरक ओळखता आला नाही. मला वाजवताना कळतो. पहिल्या वर्षात मागवू नका, एवढंच.

२०२४ उजाडल्यावर सर जॅमला जा म्हणून मागे लागले. मी आधी नुसती ऐकायला गेले, दोनदा. हे प्रत्येकाने करावं. कोणती गाणी कोणत्या पट्टीत होतात, गती काय असते, कोण कसं थांबतो हे कळतं. आत जायला पाचशे रुपये. दाराजवळ एक वही, त्यात नाव, वाद्य, गाणं आणि पट्टी लिहायची. पट्टी लिहिताना बँडच्या भाषेत, म्हणजे एफ, जी मायनर अशी. तुमच्या हातातलं वाद्य बी-फ्लॅटचं आहे हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नाही, उलट गोंधळ होतो.

त्या रात्री मी साडेसातला वहीत नाव घातलं आणि बोलावणं आलं सव्वादहाला. या मधल्या वेळात वाद्य खिशात, अंगाशी ठेवा. एसीत पत्त्या गार पडतात आणि पहिले सूर अडकतात. यजमान गिटारवादकाने विचारलं, "हार्मोनिका? मग साधा ब्लूज करू या, तीन कॉर्डचा?" मी म्हटलं, नको, जॅझच्या कॉर्ड असू द्या. तो हसला नाही, ही त्याची मेहेरबानी.

माइक गाण्याचा होता. ब्लूजवाल्यांसारखा तो हातांच्या ओंजळीत घेतला तर शिट्टी घालतो, म्हणून वीतभर लांब. 'ऑटम लीव्हज' मी घरी करायचे त्याच्या बरंच पुढच्या गतीने सुरू झालं. चाल नीट गेली, सोलोत मी दोन फेऱ्या घेतल्या आणि सहाव्या भोकातला कोमल ध प्रत्येक वेळी डी सेव्हनवर पडला. पियानोवाल्याने एकदा मान वर करून बघितलं. ब्लूजमध्ये पाचव्या भोकातला तीव्र म त्या गतीत लागेना, तेव्हा मी खाली दुसऱ्या भोकावर उतरले आणि तिथेच राहिले. ड्रमवाल्याबरोबर चार-चार मापांची देवाणघेवाण झाली, त्यातल्या शेवटच्या वेळी सहाव्याचा ओव्हरब्लो घेतला. लागला. टाळ्या पडल्या, पण त्या सगळ्यांनाच पडतात.

खाली आल्यावर एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "काकू, हे क्रोमॅटिक होतं ना?"

नंतर दोन-तीनदा गेले. डिसेंबरमध्ये रोजच्या वाद्यातली पाचव्या भोकाची ओढण्याची पत्ती सुराला उतरली, सतत वाकवल्याने होतंच. पेटीवाल्या काकांनी टोकाशी किंचित घासून ती चढवून दिली आणि बजावलं की एकदा थकलेली पत्ती पुन्हा उतरणार, तेव्हा नवीन पाट्यांचे पैसे बाजूला काढून ठेवा. सातव्या आणि नवव्या भोकांचे ओव्हरड्रॉ मला अजून येत नाहीत, आणि त्यावाचून आजवर अडलेलंही नाही. जॅमला बी-फ्लॅटमधला ब्लूज वारंवार होतो, त्यासाठी ई-फ्लॅटचं वाद्य लागतं. ते इथे लगेच मिळालं नाही, म्हणून बाहेरून मागवलं आहे, या वेळी साधं, कारागिराकडचं नाही. बिलावर काय लिहायचं ते आधीच कळवून ठेवलं आहे.